अर्ध्या चेहऱ्याची साक्ष

रेवतीचा चेहरा गेला तेव्हा ती चूळ भरत होती.

सकाळचे सात वाजून गेले होते. मी कामावर निघायच्या घाईत होतो. न्हाणीतून तिनं हाक मारली, पण ‘अभि’मधला ‘भ’ तिला नीट म्हणता आला नाही, नुसता वारा सुटल्यासारखा गेला. मी आत गेलो. तोंडातलं पाणी उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळत होतं आणि ती आरशाकडे बघत उभी होती. डावा अर्धा चेहरा घाबरलेला होता. उजव्या अर्ध्यावर काहीच नव्हतं. गाल उतरलेला, डोळा सताड उघडा, भुवई जिथल्या तिथं.

मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या आजोबांचं तोंड असंच वाकडं झालं होतं आणि त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नव्हते. रेवतीला तर एकोणतिसावा आठवडा चालू होता.

“हात वर कर बघू,” मी म्हणालो. तिनं दोन्ही हात वर केले. मग त्याच हातांनी मला खुणेनं काहीतरी सांगितलं. सहा वर्षांच्या संसारात मला तिच्या खुणा बऱ्यापैकी यायला लागल्या होत्या. पण त्या दिवशी ती मला विचारते आहे की सांगते आहे, हेच कळेना.

रेवतीचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. सासूबाई ती बारावीत असताना गेल्या. सासरे, म्हणजे आप्पा, मिरजेतल्या एका दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षं कवळ्या बनवायचे. रेवतीला ऐकू येतं, पण ती बोलायच्या आधी खुणा शिकली. पुढं तिनं तोच व्यवसाय केला. कोर्टात, दवाखान्यात, पोलिस ठाण्यात बहिऱ्या माणसांची दुभाषी म्हणून ती जायची. ती नेहमी सांगायची, ऐकणाऱ्यांना वाटतं खुणांची भाषा हातांत असते. हातांत फक्त शब्द असतात. वाक्य चेहऱ्यावर असतं. ‘तो आला’ आणि ‘तो आला का’ यात हात तसेच राहतात, भुवया उचलल्या की प्रश्न होतो. ओठ आत घेतले की नकार. गाल फुगवले की ‘खूप’.

मी अभिनंदन मगदूम. तासगाव रस्त्यावर बेदाण्याचं एक शीतगृह आहे, तिथल्या अमोनियाच्या यंत्रांवर देखरेख करतो. दिवसभर दाबाचे काटे बघणं हेच माझं काम. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला कळलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

डॉक्टर तहसीन मुल्ला मॅडमनी रेवतीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “कपाळाला आठ्या घाला.” डाव्या बाजूला आठ्या पडल्या. उजवी बाजू गुळगुळीत राहिली.

“बरं झालं,” मॅडम म्हणाल्या.

मला रागच आला. “यात बरं काय आहे?”

“मेंदूतला झटका असता तर कपाळ वाचलं असतं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात. इथं कपाळही गेलंय, म्हणजे मेंदू ठीक आहे, बिघाड वाटेत आहे.” त्यांनी रेवतीच्या कानामागं बोट ठेवलं. “चेहऱ्याची नस इथून हाडातल्या एका बारीक नळीतून बाहेर येते. नळी हाडाची, ती काही फुगत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत अंगात पाणी साठतं, नसेला सूज येते आणि नस त्या नळीत आवळली जाते. बहुतेक जणींचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत भरून येतं.”

मग त्यांनी प्रेशर बघितलं. एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी. तो आकडा त्यांना आवडला नाही.

“आता नीट ऐका. गरोदरपणात चेहरा असा जातो, त्या बायकांमध्ये पुढं प्रेशर वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं. का, ते अजून नक्की माहीत नाही. बहुधा ज्या पाण्यानं नस सुजली, तेच पाणी पुढं येणाऱ्या प्रेशरची पहिली वर्दी असतं. सगळ्याच जणींना होतं असं नाही. पण चेहऱ्याकडे बघत बसू नका, प्रेशरकडे बघा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, बरगडीखाली दुखलं, तर घड्याळ न बघता या.”

त्यांनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळा मिटून वर चिकटवायची पट्टी दिली. रेवतीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “तीन आठवड्यांत भरून येईल का?”

तीन आठवड्यांनी कावेरीची साक्ष होती.

कावेरी चौदा वर्षांची. जतकडच्या मेंढपाळ कुटुंबातली, जन्मापासून बहिरी. एका निवासी शाळेत ती दोन वर्षं होती आणि तिथंच तिच्या डोळ्यांदेखत वसतिगृहाच्या अधीक्षकानं तिच्या मैत्रिणीला, मंगलला, मारलं होतं. मंगल त्या रात्रीच गेली. जिन्यावरून पडली, असं शाळेनं लिहून दिलं. खटल्यात बघणारी साक्षीदार एकटी कावेरी.

कोर्टात आता खुणांचं भाषांतर करणारा पडदा असतो. समोर उभं राहून खुणा करा, पडदा मराठीत बोलतो. पण तो पडदा शिकलेल्या खुणा ओळखतो. कावेरीच्या खुणा घरच्या होत्या. रात्र म्हणजे डोक्यावरून घोंगडं ओढायचं. अधीक्षक म्हणजे कमरेला दोन बोटं, तिथं त्याच्या किल्ल्या असायच्या. मंगल म्हणजे हनुवटीवर नखाची रेघ. रेवतीनं आठ महिने दर शनिवारी जतला जाऊन ती भाषा शिकून घेतली होती. खटल्याच्या तीन तारखा पुढं गेल्या होत्या. आरोपीच्या वकिलानं अर्ज केला होता की साक्ष पडद्यावरच घ्यावी. न्यायाधीशांनी शेवटची तारीख दिली होती. दुभाषी हजर नसेल तर पडदा.

त्या शनिवारी मी रेवतीला गाडीनं जतला नेलं. कावेरी अंगणात बसली होती. रेवतीनं तिला काहीतरी विचारलं. कावेरी बघत राहिली, तिच्याकडे, मग माझ्याकडे. रेवतीनं पुन्हा विचारलं. कावेरी उठून दोन पावलं मागं सरली. मग तिनं आपल्या गालावर चापट मारल्याची खूण केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“तू मला मारलंस का, विचारते,” रेवती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती गाडीच्या आरशात बोटानं भुवई उचलून बघत होती. घर आलं तेव्हा म्हणाली, “माझा प्रश्न तिला प्रश्नच वाटत नाही. मी तिला हुकूम सोडते आहे असं वाटतं. कोर्टात ती तोंडसुद्धा उघडणार नाही.” खरं तर ‘हातसुद्धा’ म्हणायला हवं होतं, पण ते तेव्हा आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही.

मुल्ला मॅडमनीच प्रतिमुखबद्दल सांगितलं. एका कंपनीनं ते बनवलं होतं आणि आमच्या भागातल्या एकशे वीस गरोदर बायकांवर त्याची चाचणी चालू होती. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, अंगाच्या रंगाची फिल्म. गेलेल्या बाजूला चिकटवायची. चांगल्या बाजूला कानापाशी टिकलीएवढा एक संवेदक. आपण हसतो तेव्हा मेंदूचा हुकूम गालाच्या स्नायूत बारीक विजेच्या रूपानं पोचतो. संवेदक तो वाचतो आणि फिल्म तसाच हलका झटका दुसऱ्या गालाला देते. डोळ्यांनी टिपता येणार नाही इतक्या लवकर.

“पण अट आहे,” मॅडम म्हणाल्या. “रोज सकाळ-संध्याकाळ हा पट्टा दंडाला बांधून प्रेशर मोजायचं. आकडा आपोआप इकडे येतो. एकशे चाळीस-नव्वदच्या वर लागोपाठ दोनदा गेलं की फिल्म त्या क्षणी काढायची आणि दाखल व्हायचं. प्रेशर फार वाढलं तर फिट येऊ शकते, तशा वेळी चेहऱ्यावर वीज नको. आणि मला हेही बघायचंय की चेहरा गेल्यापासून प्रेशर चढायला किती दिवस लागतात. ते कळलं तर पुष्कळ जणी वाचतील.”

फिल्म लावली आणि रेवती आरशात हसली. दोन्ही गाल वर गेले. ती हसता हसता रडायला लागली, तेव्हा दोन्ही बाजू रडल्या.

संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी लेकीचं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं, तीस वर्षं कवळ्या बघितल्या तसंच. मग माझ्याकडे वळून खूण केली, “फार सारखं आहे. माणसाचं तोंड असं नसतं. मी दात बसवताना एखादा मुद्दाम तिरका बसवायचो, नाहीतर खोटं दिसतं.”

“कावेरीला कळेल ना पण?” रेवतीनं विचारलं.

“कळेल,” आप्पा म्हणाले. “तिला कळेल. मला तू कळेनाशी झालीस.”

कावेरीला खरंच कळलं. पुढच्या शनिवारी ती रेवतीजवळ येऊन बसली आणि तासभर दोघींचे हात थांबले नाहीत.

साक्षीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी पट्ट्यानं एकशे चव्वेचाळीस-ब्याण्णव दाखवलं. फोनवर सूचना आली, पंधरा मिनिटं शांत बसा आणि पुन्हा मोजा.

आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. रेवतीनं दंडाचा पट्टा सोडला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

“तुझा हात दे.”

“वेडी आहेस का?”

“सोमवार-मंगळवार साक्ष आहे. मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः मॅडमकडे जाते. पाच दिवस, अभि.”

“आणि बाळ?”

“मला डोकंदुखी नाही, डोळ्यांपुढं काही नाही. जिना चढून आले म्हणून वाढलं असेल. आत्ता फिल्म काढली तर ती पोरगी पडद्यासमोर उभी राहणार, पडदा तिला म्हणणार ‘समजले नाही, पुन्हा सांगा’, आणि तो माणूस सुटणार. पुढच्या वर्षी परत त्याच शाळेत.”

“दुसरं कुणी…”

“दुसरं कुणी नाही. तुला माहीत आहे.”

मी बाही वर केली. एकशे अठरा-शहात्तर. फोननं हिरवी खूण दाखवली. तिनं माझ्या दंडावरचा पट्टा सोडला आणि तिथं हात ठेवून थोडा वेळ बसून राहिली.

त्यानंतर मंगळवार सकाळपर्यंत आणखी दहा वेळा मी हात दिला. पहिल्या दोनदा वाद घातला. मग आम्ही त्याबद्दल बोलायचंच सोडलं. ती पट्टा आणायची, मी बाही वर करायचो. शनिवारी तिची चप्पल पायात जाईना. रविवारी बोटातली अंगठी साबण लावून काढली. शीतगृहात काटा लाल पट्टीत गेला की मी कुणालाही न विचारता यंत्र बंद करतो, त्यासाठी मला पगार मिळतो. घरात मी काय करत होतो, ते मला दिसत होतं.

सोमवारी कावेरी बंद खोलीत साडेचार तास बोलली. मी आणि आप्पा बाहेर बाकावर बसलो होतो. रेवती बाहेर आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. “सगळं सांगितलं तिनं. त्यानं मंगलला किती मारलं, कशानं मारलं, दार कधी लावलं. उद्या फक्त उलटतपासणी.”

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत ती बाहेर येऊन बसली. आप्पा तिच्याकडे एकटक बघत होते. फिल्म दोन्ही बाजूंना तेच हसू दाखवत होती. आप्पा खाली बसले, तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भरून यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

“डोकं दुखतंय ना?” त्यांनी खूण केली.

“नाही.”

“डोळे बारीक करते आहेस. उजेड सोसत नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं.”

मी मान खाली घातली. आप्पांनी माझी हनुवटी धरून वर केली, कारण मान खाली असलेल्या माणसाशी त्यांना बोलता येत नाही. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“एक तास राहिलाय, आप्पा,” रेवतीनं खूण केली. “तिला एकटीला टाकून कशी येऊ?”

आप्पा काही बोलायच्या आत शिपायानं आत बोलावलं आणि ती गेली. मी तिला धरून ठेवायला हवं होतं. मी धरलं नाही.

तासाभरानं ती भिंतीला धरत बाहेर आली. “झालं,” म्हणाली. आणि मग, “अभि, खिडकीत कसल्या ठिणग्या उडतायत?” खिडकीत काहीच नव्हतं.

दवाखान्यात प्रेशर एकशे बहात्तर-एकशे बारा निघालं. मुल्ला मॅडमनी स्वतः फिल्म ओढून काढली. खालचा चेहरा तसाच लोंबकळलेला होता. फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन सुरू केलं आणि त्या मला बाहेर म्हणाल्या, “बाळ आजच काढावं लागेल. थांबलो तर दोघंही जातील.” मग हातातल्या पडद्यावर आकडे वर-खाली सरकवत पुटपुटल्या, “सकाळी एकशे सोळा होतं. सात तासांत एवढं? असं मी कधी पाहिलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दंडावरची बाही खाली ओढली.

मुलगी झाली. एक किलो चारशे ग्रॅम. ती सदतीस दिवस काचेच्या पेटीत होती. एकदा तिचा श्वास थांबला आणि नर्सनं तळव्याला टिचक्या मारून तिला परत आणलं. आम्ही काचेबाहेर उभे होतो. रेवतीनं त्या वेळी माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही.

मुलगी घरी आल्यावर दोन महिन्यांनी मॅडमनी आम्हाला बोलावलं. चाचणीचा अहवाल तयार झाला होता आणि रेवतीची केस त्यात छापायला तिची संमती हवी होती. मॅडम वैतागलेल्या दिसत होत्या.

“कंपनीला पट्ट्याची अट काढायची आहे. रोजचं मोजणं नसलं की फिल्म स्वस्त पडते, बायका सहज घेतात. मी आधीपासून नको म्हणत होते. पण त्यांनी तुमच्याच केसवर बोट ठेवलंय. म्हणतात, या बाईनं रोज दोनदा न चुकता मोजलं, एक सोडला तर सगळे आकडे चांगले होते, आणि तरी प्रेशर सात तासांत वर गेलं. मग घरी मोजून उपयोग काय? माझ्याकडे उत्तर नाही. मी सही करून दिली. पुढच्या महिन्यापासून विक्री आहे, पट्ट्याशिवाय.”

रेवतीनं संमतीच्या कागदावर हात ठेवला. “वाचून उद्या देते,” म्हणाली.

घरी आल्यावर मी म्हणालो, “सांगायला हवं.”

“निकाल लागू दे. अंतिम युक्तिवाद राहिलेत. मी खोटी नोंद पाठवली हे बाहेर आलं की त्यांचा वकील म्हणणार, जी बाई डॉक्टरला फसवते तिनं पोरीच्या तोंडी काय काय घातलं असेल? साक्षच बाद होईल.”

“निकाल कधी आहे कुणाला माहीत? तोवर विक्री सुरू होईल. ती फिल्म लावून किती जणी आरशात हसत बसतील, आणि खाली…”

“हे तुला आत्ता सुचतंय?” ती ओरडली. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. “हात कुणाचा होता?”

“माझा होता! म्हणूनच म्हणतोय!”

मुलगी दचकून रडायला लागली. आप्पा दारात उभे होते. आमचे शब्द त्यांना ऐकू येत नव्हते, पण भांडण त्यांना दिसत होतं. रेवतीनं त्यांना सगळं खुणेनं सांगितलं. 

“तुम्ही दोघं ठरवताय,” ते शेवटी म्हणाले. “डॉक्टरचं ठरवलंत, बाळाचं ठरवलंत, आता त्या मुलीचं. माझ्या आयुष्यात ऐकणाऱ्या माणसांनी नेहमी असंच ठरवलं. बोलणं तिचं आहे. तिला विचारा.”

रविवारी आम्ही जतला गेलो. रेवतीच्या चेहऱ्यावर फिल्म नव्हती. उजवा गाल थोडा हलायला लागला होता, भुवई अजून नाही. त्यामुळं तिला सगळं दोन-दोनदा सांगावं लागलं. कावेरीनं मध्येच थांबवून विचारलं, बाळ मेलं का? नाही म्हटल्यावर पुढं सांग म्हणाली. सगळं सांगून झाल्यावर रेवतीनं विचारलं, मी खरं सांगू का? तुला परत उभं राहावं लागेल. मी तिथं नसेन.

कावेरीनं जमिनीवरचा एक खडा उचलून लांब फेकला. मग तिचे हात सावकाश हलले. रेवतीनं मला सांगितलं, “म्हणते, मला सगळं आठवतं. परत सांगीन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुल्ला मॅडमसमोर बसलो. मी सांगितलं, कारण हात माझा होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी त्या अहवालावर सही केली आहे, मगदूम. माझ्या नावानं ते चालू होणार होतं.”

“माफ करा, मॅडम.”

“मला नका सांगू. लिहून द्या. तारीख आणि वेळेसकट, अकराही नोंदी.”

पुढं जे व्हायचं ते झालं. अहवाल मागं घेतला गेला. चाचणीतल्या बाकीच्या बायकांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बऱ्याच जणींचं प्रेशर चेहरा गेल्यावर दोन ते चार आठवड्यांत हळूहळू चढत गेलेलं दिसलं, आमच्या घरी चढलं होतं तसंच. पट्टा सक्तीचा झाला आणि तो आता दंड कुणाचा आहे हे ओळखतो. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला होता. विट्याची एक बाई, एकतिसावा आठवडा, लागोपाठ दोन आकडे वर गेले म्हणून दाखल केली. दोघंही सुखरूप. “तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

रेवतीला कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीतून काढलं, कायमचं. कावेरीची साक्ष नव्यानं घ्यायचा हुकूम झाला. एक नवी दुभाषी आली, चांगली, मेहनती. रेवतीनं शिकवायची तयारी दाखवली, पण कोर्टानं तिला साक्षीदाराजवळ जायची मनाई केली. नव्या बाईला मिळाले सहा आठवडे. रेवतीला आठ महिने लागले होते.

साक्ष तीन दिवस चालली. कावेरीनं सगळं परत सांगितलं. पण एका जागी फरक पडला. पहिल्या वेळी ‘मारलं आणि मग दार लावलं’ असं नोंदलं गेलं होतं, या वेळी ‘दार लावलं आणि मग मारलं’. कावेरीच्या भाषेत आधी काय झालं ते हातांवरून कळत नाही, खालचा ओठ दाबला की ती गोष्ट आधीची. नव्या दुभाषीला ते माहीत नव्हतं. वकिलाला एवढं पुरलं. दार आधी लावलं असेल तर खिडकी नसलेल्या खोलीतलं बाहेर उभ्या हिनं बघितलं कसं? खुनाचा आरोप टिकला नाही. सदोष मनुष्यवध, सात वर्षं. तीन वर्षं त्यानं आधीच तुरुंगात काढली होती.

निकालाच्या दिवशी कावेरी आपल्या वडिलांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या उतरत होती. रेवती खाली उभी होती, मी मुलीला कडेवर घेऊन तिच्या मागं. आता मनाई उठली होती. रेवती पुढं झाली आणि बोलायला लागली. माझ्यामुळं झालं, असं काहीतरी ती म्हणत होती. तिचा उजवा गाल तेव्हा जवळजवळ पूर्ण भरून आला होता, माझ्यासारख्यालाही वाक्य स्पष्ट कळत होतं.

ऐकणारा माणूस रागावला की कानांवर हात ठेवतो, तरी थोडं ऐकू येतंच. बहिऱ्या माणसाला ऐकायचं नसलं की तो फक्त नजर काढून घेतो. कावेरीनं रेवतीच्या हातांकडे एकदा बघितलं. मग ती वळली, वडिलांचा हात धरला आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली.

रेवतीचं वाक्य अर्धंच झालं होतं. तिनं ते पाठमोऱ्या मुलीकडे बघत पूर्ण केलं. मग हात खाली घेतले.